लिंबाची फांदी अन् पंचमीचा झोका

२२ जुलै, मंगळवार
डोकं नुसतं तापलंय. गिरणीवर दळण टाकायला गेले तर सुमन, माझी धाकटी जाऊ, म्हणाली, "आक्का, मारुतीपुढच्या लिंबाची फांदी काढून राह्यलेत. कळलं का न्हाई?" कोणती फांदी? कडुलिंबाची ती आडवी. झोक्याची! नागपंचमीला संध्याकाळी कुणा पुढाऱ्याचा बायांसाठी कार्यक्रम आहे म्हणे. गाणी, खुर्च्या, एकीला पैठणी. स्टेजचा ट्रक वाटूरहून येणार, तो फांदीखालून जात नाही.
म्हणजे बायांच्या कार्यक्रमासाठी बायांचा झोका तोडायचा. वा रे शहाणे.
मारुतीच्या कमिटीत आमचे हे पण आहेत. काल जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली, पण एक अक्षर बोलले नाहीत.

२३ जुलै, बुधवार
विचारलंच. म्हणाले, "एक फांदीच तर हाय. झाड थोडंच काढून राह्यलोत?"
"बायांनी मागितला होता का कार्यक्रम?"
"फुकट हाय की. खर्चा समदा त्यांचा."
मग झोका काय विकतचा होता? बैलगाडीचा जाड दोराचा नाडा घरचा, फांदी मारुतीची, गाणी आमच्या तोंडात. वर्षातून एक दिवस बायका भर चौकात मोठ्यानं हसतात अन् कुणी काही म्हणत नाही. त्या दिवशीही आता खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या.
वर सल्ला, "घरी बांध झोका. पत्र्याच्या अँगलला." दोघी उभ्या राहून झोका चढवला की डोकी कुठे जातील, विचार केला का?
बोलणं बंद. भाजीत मीठ घातलं नाही, मुद्दाम. गुपचूप खाल्ली.

२५ जुलै, शुक्रवार
पूजाचा फोन. लग्नानंतरची पहिली पंचमी लेकीची. जावई जालन्याला एमआयडीसीत, त्यांना एकच सुट्टी मिळाली. दोघं सकाळच्या गाडीनं येतायत. "मम्मी, पप्पांना सांग, झोका उंच बांधा औंदा."
दरवर्षी नाडा हेच बांधतात. ती एवढीशी होती तेव्हापासून. ह्यांच्या हातची गाठ कधी सरकली नाही.
पोरीला सांगवलं नाही. हो म्हटलं. फोन ठेवल्यावर रडू आलं, अन् रडू आलं म्हणून अजून राग आला.

२६ जुलै, शनिवार
सुमन अन् मी सरपंचाकडे गेल्तो. सरपंच बाई आहेत, पण दारात त्यांचे मालक. "मॅडम सैपाकात हायेत, मला सांगा." सांगितलं. तर म्हणतात, "वैनी, गावाच्या विकासाला आडवं येऊ नका."
फांदी अन् विकास!
बाई आत सगळं ऐकत होत्या. चहा पाठवला, स्वतः आल्या नाहीत. मागच्या पंचमीला माझ्यासमोर उभं राहून झोका घेतला होता त्यांनी. चहा तसाच ठेवून आलो.
सोमवारी फांदी कापायला कटरवाला येणार.

२८ जुलै, सोमवार
पंचमीआधीचा भावाचा उपवास. पोट रिकामं, डोक्यात जाळ.
कटरवाला आलाच नाही. आष्टीला काम निघालं, उद्या सकाळी येतो म्हणाला. कमिटी म्हणाली, "बराबर, ये."
उद्या! पंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही, जमीन उकरायची नाही, तवा ठेवायचा नाही. आमच्या घरात हे सगळ्यात कडक कोण पाळतं? हेच. दरवर्षी आदल्या दिवशी विळी माळ्यावर टाकतात. आजही टाकली. अन् उद्याच फांदी कापायची, ते ध्यानात नाही!
मीही आठवण करून दिली नाही.

२९ जुलै, मंगळवार. पंचमी

पूजा अन् जावईबापू उतरले ते चौकातच. तिथं कटरवाला मशीन घेऊन उभा, बाजूला कमिटी, कमिटीत हे. मी नाडा घेऊन गेलेले, तो पूजानं हातात घेतला. "पप्पा, हे काय चाललंय?" ह्यांनी नुसती तिची पिशवी उचलून मारुतीच्या पायरीवर ठेवली.
मी घरी गेले. माळ्यावरची विळी काढली, एक दोडका घेतला अन् फांदीखाली येऊन बसले. "करा चालू. तुम्ही फांदी कापा, मी दोडका चिरते. पंचमी मोडायची तर जोडीनं मोडू."
हे धावत आले. "आगं, आज विळी? येडी झाली का?"
"दोडक्याचं पाप लागतं, मंग फांदीचं न्हाई लागत?"
 कटरवाल्यानंच मशीन खाली ठेवलं. "आज पंचमी हाय, ध्यानातच न्हाई राह्यलं. मी न्हाई कापत, बाई. घरी लेकरंबाळं हायेत." अन् गेला.
तोवर वारुळाला निघालेल्या बाया जमल्या होत्या. सरपंचबाई पण, पदर घट्ट ओढून, मागं.
ट्रक शाळेच्या मैदानात गेला. नाडा ह्यांनीच बांधला, कुणाकडे न बघता. उंच बांधला.
पूजा अन् मी समोरासमोर उभ्या राहिलो. चढवला तो चढवलाच. तिचं डोकं पाल्यात गेलं, ओरडली, लहानपणी ओरडायची तशी. जीव निवला. पण खाली आले की ह्यांचं टक्कल दिसायचं अन् राग परत यायचा.

३० जुलै, बुधवार
पूजा गेली. जाताना म्हणाली, नाडा सोडू का? राहू दे म्हटलं.
पुढारी म्हणे नाराज झाले. गणपतीत परत येतो, पण चौकातच घ्या म्हणाले. म्हणून आज कमिटीची बैठक. कटरवाला मोकळाच आहे. अन् आज पंचमी नाही, आज काहीही कापता येतं.
हे चपला घालत होते. घरातला अबोला मीच मोडला. "काय सांगणार तुम्ही तिथं?"
"बघू."
एवढे दिवस मी तोंड शिवून बसले, अन् मिळालं काय, तर बघू!
कालचाच दोडका आज चिरला. भाजी रटरटतेय. मीठ अजून घातलं नाही. ते आले की बघू.