सोमवारी काळा धूर, रविवारी खोकला

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे अजून वाकतात, गाडी ढकलून आणखी किती दिवस वाकतील ते सांगवत नाही.) तुमचे डोळे कसे आहेत? मामींची कंबर? माझं विचारू नका. तरी सांगतो.

मामा, तुमच्या गाडीने माझा जीव मेटाकुटीला आणलाय. महिनाभर ऑफिसला निघालो की मागे काळा धूर, आत पेट्रोलचा वास, आणि टाकी तर भरल्या-भरल्या रिकामी. समोरच्या लाँड्रीवाल्याने कपडे बाहेर वाळत घालणं सोडलंय. तुम्हीच शिकवलं होतंत, प्लग काढून बघ: काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर हवा जास्त, विटकरी असेल तर गप्प बस. काढला, तर तव्याचं बूड! मेकॅनिककडे नेली. त्याने फेरी मारली, धुराचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर, पुन्हा त्याच्याकडे, पुन्हा गाडी साळसूद. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?" शेवटी मला कटवायला म्हणून त्याने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केलं.

तर आता आठवडाभर धूर जरा कमी, पण रविवारी सगळे बसलो की गाडी खोकते, आचके देते, कार्बोरेटरमधून फट्फट् आवाज काढते. प्लग पांढराफटक! म्हणजे सहा दिवस अधाशी आणि सातव्या दिवशी उपाशी. परवा चढावर सासूबाई वैतागून उतरल्या आणि चालत आमच्याआधी वर पोचल्या. त्यावर बायकोने निकाल दिला: येत्या रविवारी भंगारवाला.

किल्ली देताना तुम्ही स्वतःच्या रुमालाने काच पुसली होतीत, ते डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या हातून ती भंगारात जायला नको. शनिवारच्या आत येऊन घेऊन जा.

तुमचा हताश भाचा

ता. क. थांबा, येऊ नका! आत्ता गाडीतून डब्याची पिशवी आणायला गेलो होतो. थंड इंजिन सुरू करताना ओढायची ती चोकची खुंटी आहे ना, रस्सा सांडू नये म्हणून पिशवी मी तिलाच अडकवतो. ओझ्याने चोक बाहेर येतो, हवा तुटते, आणि इंजिन वाटभर नुसतं पेट्रोल पितं. मेकॅनिककडे उतरताना पिशवी माझ्या खांद्याला, चोक परत आत; रविवारी डबाच नाही! आता एवढंच करा: 'कार्बोरेटरमध्ये फार खोल दोष होता, भाच्याने शोधून काढला' असं हिला तुमच्या हाताने लिहा. पिशवीचं नाव काढू नका.

आणखी एक ता. क. मामा, नमस्कार. पत्र यांनी पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, पाकीट न चिकटवता. स्क्रू मेकॅनिककडून पूर्ववत करून घेते. भंगारवाल्याला मी बोलावलंच नव्हतं. तुमची गाडी मी भंगारात बरी देईन! पण यांना एवढ्यात कळवू नका. रविवारपर्यंत डबा मांडीवर घेऊन जाऊ देत.