दोन घंट्या

सात रस्ता, सोलापूर
फेब्रुवारी १९७८

प्रिय हेमावती,

तुझं पत्र वाचून आधी हसले. तुझ्या ऑफिसातली एवढी शिकलेली माणसं मुंबईत दोन कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेनं जोडायला बसलीत आणि महिनाभर भांडतायत कशावरून, तर ‘कनेक्शन’ कधी म्हणायचं यावरून. एक गट म्हणतो, पलीकडच्या यंत्रापर्यंत सिग्नल पोचला की झालं कनेक्शन. दुसरा म्हणतो, तिकडून उत्तर येईपर्यंत ती नुसती लिंक. आणि वर तू माझं मत विचारतेस. अगं, हेच भांडण आपण इथं एक्स्चेंजात, ट्रंक कॉल जोडायच्या बोर्डावर शेजारी बसून वर्षानुवर्षं केलं की. पलीकडे घंटा वाजली की तू “लागला” म्हणून मोकळी व्हायचीस. मी म्हणायचे, माणूस बोलल्याशिवाय कॉल लागला म्हणायचं नाही. तुझ्या घाईपायी सूतवाले गुरप्पाशेठ बंद पेढीची घंटा ऐकत ताटकळले आणि तक्रार माझ्या नावावर आली, ते अजून विसरले नाही.

इकडची बातमी म्हणजे आपला बोर्ड निघणार. आता लोक मुंबईचा नंबर स्वतःच फिरवतात. पुढच्या महिन्यापासून मी बिलांच्या खात्यात. तिथं टेबल आहे, पंखा आहे, फोन नाही.

हे गेले तेव्हा तू आलीस, पण घर माणसांनी भरलेलं होतं, बोलणं झालंच नाही. आता कुणी नसतं. एकटीसाठी स्टोव्ह पेटवायचा कंटाळा येतो. कडक भाकरी शेंगाचटणीशी खाते आणि पडते. फार एकटं वाटतं गं.

तुला ठाऊक आहेच, ड्यूटी संपली की मी बोर्डावरून घरी फोन लावायचे. दोन घंट्या, मग बंद. हे कधी उचलायचे नाहीत, उठून चहा ठेवायचे. मी पोचेपर्यंत तो उकळून काळा व्हायचा आणि मी रोज कुरकुर करायचे. यांच्यामागेही ती सवय सुटलेली नाही. परवा नवी मुक्ताबाई म्हणाली, “अक्का, कुटं लावताय? घरी कुणी न्हाय की.” मी म्हटलं, लाईन तपासतेय. लाईन अगदी ठीक आहे.

म्हणून हे पत्र. तुझ्या साहेबांना सांग, शिवक्कानं मत बदललं. इतक्या वर्षांत यांनी एकदाही उत्तर दिलं नाही, आणि तेवढं पक्कं कनेक्शन मी दुसरं कुठलं जोडलं नाही. उत्तर नसलं तरी चालतं, पलीकडे ऐकणारं कुणी हवं. बोर्ड निघाला की माझ्या घरी घंटा वाजवायला मीसुद्धा नसेन. तेव्हा संध्याकाळी ऑफिसातून निघताना तू माझा नंबर फिरव. दोन घंट्या दे आणि ठेवून टाक. मी उचलणार नाही. चहा ठेवीन.

तुझीच,
शिवक्का