विंच येईपर्यंत

२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मावशी मजेत आहे, गुडघे सोडून. औषधाच्या दुकानात सध्या खोकल्याचीच गिऱ्हाइकं, त्यामुळे पत्राला उशीर झाला.

काम असं, की मावशीला पलीकडे न्यायचंय. ज्या वस्तीतल्या शाळेत तिनं उभी नोकरी काढली, तिथली तिची मैत्रीण, चिमणी नर्स, आजारी आहे. तिचं अक्षर आता लागत नाही इतकं थरथरतंय. पूल वाहून गेल्यापासून तिकडे कोरड्या नदीपात्रातूनच वाट. बाबांची जीप माझ्याकडे धूळ खात होती, म्हणून गेल्या रविवारी एकटीच अंदाज घ्यायला गेले आणि पात्राच्या मध्यावर मागची चाकं वाळूत रुतली. जवळ अवजार काय, तर डब्याचं झाकण. त्यानं वाळू उपसता उपसता दुपार गेली.

तर स्वस्तात काय काय घ्यावं ते कळव. इथल्या दुकानदारानं बॅटरीवरचा विंच दाखवला, रुतलेली गाडी तारेनं ओढून काढायचं यंत्र. त्याची किंमत ऐकून वाटलं, त्यापेक्षा दुसरी जीप घ्यावी आणि तिनं पहिली ओढावी. मावशी म्हणते दादाला विचार, तो दोरीची चौकशी केल्याशिवाय कपडेसुद्धा वाळत घालत नाही. मात्र लवकर सांग. मेमध्ये वरच्या धरणाचं पाणी नदीत सोडतात, मागोमाग पावसाळा, आणि मग हिवाळ्यापर्यंत वाट बंद.

लोभ आहेच, त्यात पत्रांची थोडी भर पडावी.

तुझी,
छोटी

---

१४ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

एकटी पात्रात उतरलीस हे वाचून जेवण गेलं नाही. पुढच्या वेळी आधी कळवत जा.

आता ऐक. पहिलं फावडं घे, आखूड दांड्याचं, जीपखाली शिरेल असं. चाकातली हवा कमी केली तर निम्मी वाळू तशीच पार होते, पण पलीकडे गेल्यावर हवा भरायला पायपंप पाहिजे. चाकाखाली घालायला दोन जाळीदार पत्रे वेल्डरकडून करून घे. दुकानातल्या रंगीत फळ्या दिसायला छान असतात, आपल्याला फोटो काढायचा नाही. या सगळ्यानं नाही भागलं तर हातविंच. दांडा मागेपुढे करत राहायचं, तार गुंडाळत जाते आणि गाडी इंचाइंचानं सरकते. बॅटरी लागत नाही, घाम लागतो.

पण विंच स्वस्त बघून उचलू नकोस. डब्यावर दोन टन लिहायला शाई पुरते, पोलाद लागत नाही. माझी हयात क्रेनच्या तारा आणि साखळ्या तपासण्यात चाललीय. आमच्या टोळीतल्या एकाचा डोळा तुटलेल्या तारेनं गेला, तेव्हा मी शेजारीच होतो. म्हणून विंच मी बघून, तपासून देतो. तोवर मावशीला घेऊन पात्रात उतरायचं नाही. मावशीलाही सांग, माझा निरोप म्हणून.

रजेचं जमलं तर येईन. प्रकृतीला जप, म्हणजे लोभ पोहोचला असं समजेन.

तुझा,
दादा

---

९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फावडं घेतलं. पत्रे वेल्डरनं केले, कडाही घासून दिल्या. पायपंप वापरून माझ्या पोटऱ्या तुझ्या क्रेनसारख्या झाल्यात.

आणि एक कबूल करते. रविवारी मावशीला घरी ठेवून पुन्हा पात्रात गेले. हवा कमी केली, एकदा पत्रे घातले, आरपार गेले आणि वस्तीत न शिरता पलीकडच्या काठावरूनच परत आले. वाळू कोरडी ठणठणीत आहे. विंचची गरज पडली नाही, दादा. पडेलसं वाटतही नाही.

चिमणीमावशीची चिठ्ठी आली, कुणाच्या तरी हातची लिहून घेतलेली. पाणी यायच्या आत ये, एवढंच. मावशीनं पिशवी भरून दाराशी ठेवलीय. त्यात दोन लुगडी आणि चिमणीसाठी विणलेली शाल. मी म्हटलं निघू या, तर म्हणते दादाचा होकार येऊ दे, तो त्यातला माणूस आहे. तेव्हा तू एक ओळ लिही. जास्त नको, एक ओळ.

वाट बघणारी,
छोटी

---

२८ एप्रिल

चि. छोटीस,
अ. उ. आ.

माझं न ऐकता गेलीस. बरं, झालं ते झालं. पण मावशीला घेऊन नको. तू एकटी रुतलीस तर चालत येशील, तिच्या गुडघ्यांनी ती कुठे चालणार?

विंच आणला होता. वजन लावून बघितला, तर तिसऱ्याच खेपेला आतला खटका घसरला आणि दांडा उलटा आला. परत केला. आता एक बंद पडलेल्या वर्कशॉपमधला जुना, पण दणकट मिळतोय, त्याची तार बदलून घेतो. एवढ्यात मे लागेल, हे मलाही कळतं. पण नदी काही पळून जात नाही. पाणी ओसरलं की निवांत जा. मावशीला म्हणावं, एक हंगाम कळ काढ. दिवस काय, बघता बघता जातात.

रजेचं या खेपेला कठीण दिसतंय.

तुझा,
दादा

---

१९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाणी आलं. तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं. तिनं पिशवीतली लुगडी काढून कपाटात ठेवली. शाल बाहेरच आहे.

छोटी

---

२१ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विंच पोहोचला होता. परवा आम्ही जाऊन आलो. तुला रजा नाही मिळाली, म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते.

पात्रात आता वाळू नाही, पुराचा गाळ आहे. वरून वाळलेला, आत लोण्यासारखा. मध्याच्या थोडं पुढे जीप पोटापर्यंत बसली. पत्रे गिळले गेले. मग विंच काढला. बांधायला झाड कुठलं! विंचबरोबरच्या चिठ्ठीत तू लिहिलंस तसं पुढे खड्डा खणला, स्टेपनी उभी पुरली, तिला पट्टा घातला, तुटली तर उसळू नये म्हणून तारेवर जुनं ब्लँकेट टाकलं. मी स्टिअरिंगवर आणि मावशी दांड्यावर. ऐकेचना. पाढे म्हणत दांडा मारत होती, सतरा आणि एकोणीस जोरात. जीप निघाली. तुझा विंच खरोखर चांगला आहे, हे मी मनापासून लिहितेय.

पलीकडे पोहोचलो तर घराला कुलूप. किल्ली शेजारच्या शिंपिणीकडे होती. चिमणीमावशी पाणी वाहत होतं तेव्हाच गेली. निरोप धाडायला वाटच नव्हती.

पुढचं लिहू नये असं वाटलं, पण तू मोठा आहेस आणि तुला कळायला हवं. शिंपीण म्हणाली, "एप्रिलभर दारात खुर्ची टाकून बसायच्या. इंजिनाचा आवाज आला की उठायच्या. ट्रॅक्टर निघाला की परत बसायच्या."

मावशीनं झाडू मागितला. खोली झाडली, पलंगावरची चादर झटकून पुन्हा घातली, शाल घडी करून उशाशी ठेवली. येताना जीपमध्ये एकदाच बोलली, की चिमणीला लवंगी मिरचीसारखं भांडता यायचं.

एप्रिलमधली वाळू कोरडी होती, दादा. राग म्हणून लिहीत नाही. मनात ठेवलं तर कुजेल.

तुझी,
छोटी

---

३० नोव्हेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र चारदा लिहून फाडलं. छोटीनं सगळं कळवलंय. मी एक ओळ लिहायला हवी होती, लिहिली नाही. मला तार तुटलेली दिसत होती, दारातली बाई दिसली नाही. क्षमा माग म्हटलंस तर मागतो, पण ती कशी मागतात ते मला कळत नाही.

तुझा,
दादा

---

८ डिसेंबर

चि. दादास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. क्षमा मागतोस त्यातलं शुद्धलेखन बरोबर आहे, म्हणजे नीट विचार करून लिहिलंस. मास्तरणीची सवय, रागावू नकोस.

तुझा राग आला नाही असं खोटं लिहीत नाही. आला. जीप चिखलातून निघाली तेव्हा मी तुला दुवा दिला आणि ते कुलूप बघून तुला शिव्या दिल्या. दोन्ही एकाच दुपारी. पण घरी आल्यावर तळहाताचे फोड बघत बसले, तेव्हा दुसरंच मनात आलं. जीप छोटीची. मैत्रीण माझी. छोटी आरपार जाऊन आलेली. मग मी तुझ्या होकाराची वाट का बघत बसले? जन्मभर पोरांना सांगत आले, स्वतःचं गणित स्वतः सोडवा. माझं गणित मी तुझ्याकडे टाकलं आणि तू ते भीतीनं सोडवलंस. तुझ्या भीतीत माया होती हे मला ठाऊक आहे. चिमणीला कुणी सांगितलं नाही, एवढंच सलतं. मी येतच नव्हते असं समजून ती गेली असेल. हे आता कुठल्याच तारेनं ओढून बाहेर निघायचं नाही, ते तसंच राहील. तूही ते काढायच्या खटपटीला लागू नकोस.

तू या घरी कधी आला होतास, ते परवा छोटीला विचारलं. तिला आठवेना, मलाही. मध्ये छोटीच्या केसांत पांढरं डोकावलंय, ते तू पाहिलेलं नाहीस. दर पत्रात रजा लिहितोस. तुझ्या गावाहून आमच्या दारापर्यंत रस्ता डांबरी आहे, सरळ आहे, बस रोज येते.

या शनिवारी ये. विचारून, तपासून, काही घेऊन येऊ नकोस. नुसता ये.

मावशी