गोमतीची चार ठिकाणं

१२ जानेवारी, रविवार. कारंजा

शी! तीन वेळा साबण लावला, तरी बोटांचा वास जात नाही.

फय्याजचा आलुबोंडा. स्टँडच्या बाहेर त्याची गाडी. तेल काळंकुळं — निदान तीन दिवसांचं, मी नुसत्या वासावरून सांगतो. गाडीवर फडकं एकच. त्यानं बाकडं पुसलं, त्यानंच प्लेट पुसली, त्यानंच स्वतःचं कपाळ. लालभडक रश्शाची तर्री वाढताना अंगठा पहिल्या पेरापर्यंत आत! चिरलेल्या कांद्यावर माश्या इतक्या, की आधी मला वाटलं कोणी काळे तीळ पेरलेत.

तीस वर्षं मी अन्न निरीक्षक होतो. असल्या गाड्यांवरचे नमुने घेतले, बाटल्यांना लाखेचं सील मारलं, कोर्टात साक्षी दिल्या. बाहेरचं घोटभर पाणी प्यालो नाही. दौऱ्यावर गोमतीच्या हातचा डबा. लग्नाच्या पंगतीलाही गोमतीच्या हातचा डबा — लोक हसायचे, हसोत बापडे. आणि आता एकसष्टाव्या वर्षी गाडीवर उभा राहून तर्री ओरपायची!

कारण लिहून ठेवतो. गोमतीच्या जिभेच्या कडेला गाठ आहे. २८ तारखेला नागपूरला ऑपरेशन. अर्धी जीभ जाईल. चव किती राहील, बोलणं किती राहील, आत्ता सांगता येत नाही म्हणाले. जिनं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही तिला हे! आणि इथं स्टँडच्या भिंती तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून लाल करणारे ठणठणीत आहेत.

डॉक्टर म्हणाले, तोवर काय आवडतं ते खाऊन घ्या. वाशीमला घरी आल्यावर हिनं चिठ्ठी लिहिली आणि म्हणाली, "चार ठिकाणं हायेत. मले तिथं न्या. अन् माझ्यासंगं तुमी बी खायचं." नाही कसं म्हणणार? चिठ्ठी दाखवत नाही. पर्समध्ये घडी करून ठेवलीय, एकेक ठिकाण सांगते.

तिनं एकच घास घेतला. डोळ्यांत पाणी. "झोंबते. बाकीचं तुमी संपवा." मग झोंबणारंच कशाला मागायचं? संपवलं मी. आणि ती पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

१३ जानेवारी

पोट ठीक आहे. आश्चर्यच.

दाढी करताना एक गोष्ट डोक्यात आली. फय्याजनं मला विचारलं, कांदा टाकू का. हिला विचारलं नाही. हिच्या प्लेटमध्ये कांदा टाकलाच नाही. त्याला कसं ठाऊक?

१५ जानेवारी, बुधवार. किन्हीराजा

दुसरं ठिकाण — हिचं माहेर. धाकट्या भावाचं, लखीरामचं शेत. लिंबाखाली रोडगे.

रोडगा म्हणजे काय, तर गव्हाच्या जाड पिठाचा, तेल लावून थरावर थर दिलेला गोळा. तो पेटत्या गोवऱ्यांत पुरायचा. गोवऱ्या कशाच्या? शेणाच्या! शेणाच्या राखेतून काढलेला पदार्थ मी तोंडात घालायचा! लखीराम एकेक रोडगा राखेतून उकरायचा, फू फू करायचा आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं झटकायचा. त्याच दुपट्ट्यानं घटकाभरापूर्वी त्यानं नाक पुसलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. पहिला रोडगा मारुतीपुढे ठेवला, दुसरा माझ्या पत्रावळीवर. वांग्याच्या भाजीत कुस्करला. दाताखाली कचकच. राख!

"काहून तोंड वाकडं करून राह्यले भाऊजी?" लखीराम. "देवानं काई तक्रार केली नाई."

गोमतीनं एक तुकडा तुपात भिजवून गिळला. बाकीचा माझ्याकडे सरकवला. पुन्हा तेच!

मग मी फय्याजचं विचारलं. ती हसायला लागली. "लग्न झालं तवा आपण कारंज्याले राहू ना. तुमी दौऱ्यावर गेले का मी त्याच्या अब्बाच्या गाडीवर जायची. हा तवा पोरगा, प्लेटा धुवे."

"कितीदा?"

"आठवड्यातून एकदा. कधी दोनदा. मंग पुढं जिथं बदली झाली तिथं."

एकतीस वर्षं! मी ताट पुसून, पाणी उकळून जेवतोय आणि ही बाई त्या फडक्यानं पुसलेल्या प्लेटींत! लखीरामला हसता हसता ठसका लागला. मी खरंच चिडलो. म्हटलं, "तेच हात धुऊन माझी भाकरी थापायचीस?"

"थापायची. मंग, मेले का तुमी? मी मेली का?"

लखीराम उठला, निखाऱ्यावर उगाच पाणी मारत बसला. निघताना मारुतीकडे हात करून म्हणाला, "बाई बरी होऊन आली का साऱ्या गावाले रोडगे." म्हणजे पुन्हा शेण.

१६ जानेवारी

अबोला. मी धरला. तिनं वरण मुद्दाम अळणी केलं. मी मुकाट्यानं खाल्लं.

बारा दिवस उरलेत आणि त्यातला एक मी तर्रीवरून फुगण्यात घालवला. चहा करून द्यावा म्हणून ओट्यापाशी गेलो. पत्तीचा डबा सापडला नाही. तिनं दुरून पाहिलं. नुसता सुस्कारा टाकला.

१९ जानेवारी, रविवार. केनवड

लिहायची लाज वाटते. पण लिहितो.

तिसरं ठिकाण केनवडचा बाजार, जानरावची जिलेबी. पहाटेपासून स्वारी खुशीत. निळं लुगडं काढलं. वाटेत दोनदा म्हणाली, "गोड हाय, झोंबनार नाई."

तिथं गांधीलमाश्यांचं मोहोळ. कढईच्या काठावर जळक्या साखरेची पुटं. जानरावची नखं — नको, जाऊ दे. त्यानं गरम जिलेबी पानावर दिली. पिवळीधमक! आणि माझा हात खिशात गेला. मी घातला नाही, तो गेला. रंग तपासायची बारकी बाटली मी अजून जवळ बाळगतो. आम्लाचा थेंब टाकायचा, जिलेबी गुलाबी झाली तर रंग बंदीचा. टाकला थेंब. गोमतीच्या पानावर. तिनं अजून तुकडासुद्धा मोडला नव्हता.

जानरावनं बाटली बघितली मात्र, त्याचा चेहरा पांढराफटक. "साहेब! केस नका करू साहेब! मी विकतच नाई आता!" त्यानं सगळं पीठ नालीत ओतलं. परात पालथी केली. पाक मातीत. मी ओरडतोय, अरे मी रिटायर झालोय, अरे शुद्ध आहे, रंग बदलला नाही! ऐकतो कोण? बघता बघता दुकान गुंडाळून गडी गायब. पुढचा बाजार भरेल तेव्हा आम्ही नागपूरला दवाखान्यात असू.

जित्याची खोड!

गोमती पान हातात धरून उभी. आम्लाचा थेंब पडलेली जिलेबी. तिनं ती खाली ठेवली, मुंग्यांनाही नको म्हणून वर दगड ठेवला.

"तेवढं एकच माझं होतं," म्हणाली.

"म्हणजे?"

"काई नाई. चला, बस जाईन."

आयुष्यभर मला दुसऱ्यांच्या हातांची किळस आली. आज स्वतःच्या हाताची येतेय.

२७ जानेवारी, सोमवार. नागपूर

उद्या सकाळी नेणार. दवाखान्याच्या कँटीनचा चहा — कपाच्या कडेला कोणाच्या तरी ओठांचा डाग. प्यालो.

"चौथं ठिकाण राहिलं," मी म्हटलं.

"राह्यलं नाई. ते मागून." मग म्हणाली, "आता मी काई तरी बोलतो, तुमी आयका. लई बोलून घेतो आज." आणि बोलत सुटली. लग्नातलं, आमच्या चंदाच्या जन्माचं, कुठल्या गावी कुठली शेजारीण. मी ऐकत होतो. आवाज ऐकत होतो.

३० जानेवारी, गुरुवार

झालं. अर्ध्यापेक्षा थोडी जास्त काढली. नाकातून नळी. दोन-तीन महिने तरी तोंडानं काही नाही, म्हणाले. चेहरा सुजलेला, ओळखू येत नाही.

तिची लाळ माझ्या मनगटावर गळली. लाल, चिकट. रुमालानं पुसलं तिचं तोंड, मग माझं मनगट, त्याच रुमालानं. किळस आली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

दुपारी तिनं खुणेनं पर्स मागितली. चिठ्ठी काढली. चौथं ठिकाण: भुरीबाईची खानावळ.

आमच्याच गल्लीतली! वाशीमला, आमच्यापासून तिसरं घर! जिच्या उघड्या नालीवरून मी दोनदा भांडलो ती! दोन-तीन महिने तोंडानं पाणी जाणार नाही, आणि बाईसाहेबांना भुरीबाईचं वरण हवंय? काय बोलावं!

६ फेब्रुवारी, गुरुवार. वाशीम

काल चंदानं मला घरी पाठवलं. दवाखान्यात एकालाच थांबू देतात, आणि माझं व्हरांड्यात झोपणं तिला बघवेना.

दुपारी दारात भुरीबाई. हातात डबा.

"घ्या साहेब. पोळी मऊ, वरण पातळ, लसूण कमी. दाक्तरकडून आल्या त्याच दिवशी गोमतीबाई सांगून गेल्या. मनल्या, माझ्यामागं हे उपाशी राह्यतीन. आंदी त्याईले लांब लांब नेतो, बाहेरचं खायाची सवय लावतो, मंग तुया डब्याले नाई मननार नाई."

मी विचारलं, "आणि केनवडची जिलेबी?"

"ते काई सवयीसाठी नोतं, साहेब. ते गोमतीबाईले स्वताले खायचं होतं."

डबा उघडला. वरणात माशी. बोटानं काढली, आणि सगळं जेवलो.