जिभेला आलेल्या मुंग्या

आई, गेल्या शनिवारी मी चिनी जेवण जेवून आले. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, कोणाबरोबर, आणि लगेच, बाबांना काय करून ठेवलंस. पेज करून ठेवली होती. ती त्यांनी खाल्ली नाही. बाबा हल्ली जेवतच नाहीत. आजार असा नाही, डॉक्टर म्हणतात वय झालं. पण ताट समोर आलं की दोन घास चिवडतात आणि म्हणतात, "तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं असतं तर भात गेला असता." तू गेल्यावर इतकी वर्षं ते तिरफळं घातलेलं माशाचं कालवण मीच करत आले आणि बाबा मिटक्या मारत खात आले. मग दोन वर्षांपूर्वी मला ताप आला, तापात वास गेला, आणि तो परत आलाच नाही. खारट, आंबट, गोड एवढं जिभेला कळतं, पण कशाचं ते कळत नाही. आंबा आणि उकडलेला भोपळा मला एकच. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. शनिवारपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

आमचा तिघांचा खादाडांचा गट आहे. एक नागावची मैत्रीण, जी आपल्या नारळाच्या वाडीत पर्यटकांना खोल्या देते. दुसरे म्हसळ्याचे भाईजान, ज्यांचं निम्मं आयुष्य दुबईत मसाल्याच्या दुकानात गेलं. महिन्यातून एकदा कुठेतरी नवं काही खायचं आणि त्यात काय घातलंय ते मी ओळखायचं, हा आमचा खेळ. वास गेल्यावरही मी तो खेळत राहिले, वाचून, अंदाजाने, पदार्थाच्या रंगावरून. नागावच्या रस्त्यावर नवीन हॉटेल उघडलंय. मालक इकडचाच, बोटीवर चीनच्या सिचुआन प्रांतातल्या एका खानसाम्याच्या हाताखाली शिकलेला. इतकं तिखट असतं म्हणतात, तर त्याने आत बंद पडलेलं काही उघडेल, अशी मला वेडी आशा होती. म्हणून गेले. जिभेची हौस म्हणून गेले असं सांगितलं तर ते खोटं होईल.

बसल्या बसल्या मैत्रिणीने विचारलं, "शेजवान राईस आहे ना?" मालकाने हातच जोडले. "ताई, ती गाडीवरची लाल चटणी. चीनमध्ये ती कोणी बघितलेली पण नाही." भाईजान खूश. "हिला वाटतं चीन म्हणजे पोयनाडच्या नाक्यावरची गाडी! चिकन हलाल हाय ना रे?" "हाय, भाईजान." मग सुक्या लाल मिरच्यांचा ढीगच्या ढीग आला, त्यात कुठे कुठे चिकनचे बारके तुकडे. मैत्रिणीने एक अख्खी मिरची तोंडात टाकली, चावली, आणि ठसका लागून लालबुंद झाली. मालक धावला, "मिरच्या बाजूला सारायच्या ताई, चिकन तेवढं वेचायचं!" भाईजान म्हणाले, "वाडीत पण खोबरं सोडून करवंटीच खातेस काय गं?" आम्ही इतके हसलो की शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली.

मग लाल तेलात बुडवलेला मासा आला. त्यावर तपकिरी, फाकलेली, छोटी टरफलं तरंगत होती. मी एक चावलं आणि जीभ बधिर झाली, ओठांना मुंग्या आल्या. आई, ते तिरफळच होतं. आपलं नव्हे, पण त्याचंच भावंड. आणि मी पुन्हा लहान होऊन आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे. तुझ्या माहेरहून, मालवणाकडून, तिरफळांची पुरचुंडी आलेली आहे. तू एकेक फोडून आतलं काळं बी काढून टाकतेस, टरफल तळहातावर चुरडतेस आणि हात माझ्या नाकाशी धरतेस. वास आला तर तिखल्यात घालायचं, नाही तर टाकून द्यायचं. जुन्या तिरफळाचा वास उडतो, मागे नुसता बधिरपणा राहतो. मी तुझी पाठ वळल्यावर एक तोंडात टाकते, चावते आणि भोकाड पसरते. तू हसतेस, रागावतेस. "अगो चेडवा, ता चावूचा नसता, वासाक घालतत!"

हे सगळं दिसलं, ऐकूही आलं. मी खोल श्वास घेत वाट बघत राहिले, आता वास येईल. लिंबासारखा, ओल्या लाकडासारखा, असं मी शब्दांत सांगू शकते, शब्द पाठ आहेत. वास आला नाही. मग मी दुसरं चावलं, तिसरं चावलं, वेड्यासारखी खात सुटले, कारण दुखणं तेवढं जाणवत होतं. भाईजान टाळी वाजवून म्हणाले, "ताईला बघा, डोळ्यांत पाणी न्हाय! याला म्हणतात जीभ. सांगा, काय काय घातलंय?" आलं, लसूण, आंबवलेल्या डाळीचा मसाला, मी घडाघडा सांगितलं. आदल्या दिवशी वाचून ठेवलं होतं. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिने चहाचा कप पुढे केला. "आणि हा कसला?" चिनी हॉटेलात मोगऱ्याचा चहा असतो हे मला ठाऊक होतं. मी घोट घेऊन म्हणाले, "मोगरा." ती हळूच म्हणाली, "गवती चहा आहे गं. माझ्याच वाडीतला, मघाशी मीच मालकाला दिला." मग, "कधीपासून?" भाईजानांनी चमचा खाली ठेवला. "या अल्ला. आणि आम्ही टाळ्या वाजवतोय."

मी सगळं सांगितलं, बाबांचंसुद्धा. दोघं इतक्या मायेने बोलली की मला तिथून उठून जावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीण ताजे बांगडे घेऊन माझ्याकडे आली. "मी वास घेते, तू कर," म्हणाली. मी तिरफळं फोडली, तळहातावर चुरडली, हात तिच्या नाकाशी धरला. तिने डोळे मिटले. "येतोय गं, मस्त येतोय." मी विचारलं, "पुरे एवढा?" तिने डोळे उघडले. "कशाएवढा?" तिने तुझ्या हातचं कधी खाल्लेलंच नाही. नाक तिच्याकडे होतं आणि आठवण माझ्याकडे. माझ्याकडे तरी होती का? मग अंदाजानेच घातली. कालवण उकळत राहिलं आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

बाबांनी एक घास घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. मी दाराशी उभी होते, मैत्रीण माझ्या मागे. "चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण बाय, हे तिचं नव्हे." आणि ताट दूर सारलं. मैत्रिणीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या वेळी जमेल असं ती म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे. आज बुधवार. अजून ते पेजेवरच आहेत, तीही अर्धी वाटी.

हे पत्र बाबांच्या हाती लागू नये म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. त्याआधी एक कबूल करते. त्यांनी ताट सारलं तेव्हा मला त्यांच्या उपाशी पोटाची काळजी वाटायला हवी होती. मला त्यांचा हेवा वाटला. हे तिचं नव्हे, असं म्हणता येण्याइतकी तू अजून त्यांच्यापाशी आहेस.