मागचा डावा टायर

४ मार्च
टायर फुटला! मागचा डावा. सून चालवत होती, नात तिच्या शेजारी, मी मागे. गाडी सटकली, कशीबशी कडेला लागली. टायर बाहेरून धडधाकट — आतली कड मात्र पार झिजून तारा बाहेर आलेल्या.
मुलगा आला. आधी टायर पाहिला, मग बायकोकडे वळला. "चालवतेस की रस्त्यावर घासतेस?" भर रस्त्यात कानाखाली वाजवली. नातीने डोळे मिटून घेतले. मी "अरे!" म्हणाले. तेवढंच.

५ मार्च
सुनेचा कान सुजलाय. म्हणते, "काही नाही हो आई, ऐकू येतंय."

७ मार्च
आम्ही दोघी अलाइनमेंटवाल्याकडे. त्याने गाडी वर घेतली, चाकं मशीनवर तपासली. "काकू, हे चालवण्यामुळे नाही. मागचा ॲक्सल वाकलाय, चाक तिरकं फिरतंय. कुठेतरी जोरात आपटलीय गाडी. आता नवा टायर टाकलात तरी गाडी तोही असाच खाणार."
"खड्डा होता," सून म्हणाली. मीही मान डोलावली. कसला खड्डा! गेल्या महिन्यात भांडता भांडता "आज सगळ्यांनाच संपवतो!" म्हणून माझ्या मुलानेच गाडी दुभाजकावर घातली. नात मागे माझ्या मांडीवर झोपलेली.

८ मार्च
जेवताना मीच बोलले. "टायर हिच्यामुळे नाही झिजला. तू गाडी आपटलीस, त्यामुळे."
ताट भिरकावलं. "हिने शिकवलं ना तुला?" — आणि तिचे केस धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा. परत. रक्त! पोर किंचाळतेय. मी "सोड, सोड" म्हणतेय, तो ऐकेना. मी शेगडीवरचा तवा उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. तरी सोडेना. पुन्हा घातला — सगळा जीव लावून. हाड मोडल्याचा आवाज आला.
"आई गं!" म्हणत खाली बसला. लहानपणी पडला की असाच ओरडायचा. मी जवळ गेले नाही. तवाही खाली ठेवला नाही.

९ मार्च
सुनेला टाके पडले. याचा हात प्लास्टरमध्ये. पोलिसांना सांगतोय, बायकोने मारलं! मी म्हटलं, "लिहा — मी मारलं. आणि का मारलं, तेही लिहा." सगळं सांगितलं. दुभाजकाचंसुद्धा. सही केली. पोलीस त्याला घेऊन गेले.
पोटचा पोर आहे हो. रडू आवरत नाही.

१५ मार्च
ॲक्सल बदलला, अलाइनमेंट झाली. सूनच गाडी घेऊन आली. मान वळवली की टाके ओढतात, म्हणून मी शेजारी बसून मागून येणाऱ्या गाड्या सांगत होते. दोनदा चुकीचं सांगितलं. "अहो आई, तो तर ट्रक होता!" हसलो दोघी.

१९ मार्च
दार वाजलं. "आई, मी आहे. उघड ना."
वरची कडीही लावली.