माझा काहीही हक्क नाही

३ मार्च, पहाटे
प्रार्थना झाली. निश्चय पक्का. एकसारखे फोटो शोधून काढणारा माझा प्रोग्राम आज जगाला अर्पण. लायसन्स नाही, अटी नाहीत. सरळ पब्लिक डोमेन. फुकट वाटली जाणारी ती ऑपरेटिंग सिस्टिम आहे ना, तिच्या जूनच्या आवृत्तीत गेला की भरून पावलो. नाव नको, कौतुक नको.

९ मार्च
त्या सिस्टिमसाठी प्रोग्राम तपासणाऱ्या बाईंचं उत्तर. हक्क सोडल्याचं लेखी द्या म्हणतात, नावासकट. नाहीतर कायद्याने तो तुमचाच राहतो. वा! देवाला फूल वाहताना कोणी पावती फाडतं का? देणार नाही.

२ एप्रिल
दिलं नाही. त्यांनीही घेतला नाही. ही म्हणाली, अहो, चार ओळी खरडायला काय जातं? म्हटलं, तत्त्व जातं. म्हणाली, मग धरून बसा तत्त्व, पण बसल्या बसल्या भाजी चिरा.
चिरली. तत्त्व शाबूत.

२० एप्रिल
लिहून दिलं. वाकलो असं नाही. असं लिहिलं की बाईंनी तोंडात बोट घालावं. 'यावर माझा काहीही हक्क नाही. कुणीही घ्यावा, बदलावा, नवं नाव द्यावं, खुशाल स्वतःचा म्हणावा.' बाई म्हणाल्या, एवढं नको होतं. एक शब्द कमी केला नाही. पुढच्या दुरुस्त्या कोण करणार, असंही विचारलं. कळवलं, दिल्यावर मी मागे वळून पाहत नाही.

६ जून
नवी आवृत्ती आली. सहज पाहिलं. पुन्हा सहज पाहिलं. प्रोग्राम आहे. नाव भलतंच. कर्ता म्हणून कुणी इंजिनिअर. दुरुस्त्यांची जबाबदारी त्याने घेतली म्हणे. अरे, पण ओळ न् ओळ माझी!

७ जून
बाईंना खरमरीत मेल. उत्तरादाखल माझंच एप्रिलचं लिखाण परत. वर-खाली एक अक्षर नाही. हिने वाचलं. म्हणाली, लिहिता मात्र छान हो तुम्ही.

१५ जून
राग नाही. केवळ सत्यासाठी. फोटोच्या नावात मोकळी जागा असली की प्रोग्राम अडतो. पोटच्या पोराची खोड बापालाच ठाऊक. सविस्तर लिहून इंजिनिअरला पाठवलं. कळू दे कर्ता कोण ते.

१८ जून
उत्तर आलं. आभार मानलेत. नव्याने वापरणाऱ्यांचा असा गोंधळ होतो, आधी सोबतची माहितीपत्रिका वाचावी.
वाचली. माझीच आहे, जशीच्या तशी. दुसऱ्याच ओळीत लिहिलंय, फोटोच्या नावात मोकळी जागा सोडू नये.